जुनं दोन सीटर पुष्पक देऊन घरच्यांसाठी चार सीटर विमान घ्यायचंय? मग हे आधी वाचा

सोलापुरात बसून विमान बदलायचा विचार करणारे आपण मोजकेच, त्यामुळे ह्याबद्दल मराठीत विचारायला कुणी सापडत नाही, मग माणूस परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून ठरवतो, पण तिथली हवा वेगळी, नियम वेगळे, तिथं इंधन जिथं उतराल तिथं मिळतंय, आणि ते सगळं धरून केलेलं गणित इथं होटगी रोडला येऊन फसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या घरी अण्णांनी म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी जीव लावून सांभाळलेलं पुष्पक होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुष्पक हे बंगळुरूच्या एचएएलनं बनवलेलं विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालं, डॉ. वि. मा. घाटगे ह्या आपल्या मराठी माणसाच्या हाताखाली तयार झालं आणि पुढं देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी पायलट त्याच्यावरच शिकले. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेजारी शेजारी दोन सीट आणि शेपटीखाली छोटं चाक. उडवायला इतकं गोड विमान मी दुसरं बघितलं नाही, हे मनापासून सांगतो. पण घरात पोरं आली, आईला गुडघ्यानं चढवेना, आणि दोन सीटच्या विमानात कुणाला न्यायचं अन् कुणाला ठेवायचं हा प्रश्न दर रविवारी उभा राहायला लागला, तेव्हा बदलायचं ठरलं.

पहिलं काम विमान बघायचं नाही, वही घेऊन बसायचं. कोण कोण बसणार, प्रत्येकाचं खरं वजन किती (काट्यावर उभं करून, अंदाजानं नाही), कुठं जाणार, आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यात जाणार. हे चार कॉलम भरले की निम्मा निर्णय आपोआप होतो. आपल्याकडनं सरळ रेषेत बारामती साधारण दीडशे किलोमीटर, कोल्हापूर दोनशे, नांदेड सव्वादोनशे, हैदराबाद पावणेतीनशेच्या आत. आता पुष्पक ताशी सव्वाशे-एकशेचाळीसनं जातं आणि सेस्ना १७२ हे चार सीटर दोनशे-सव्वादोनशेनं, म्हणजे कोल्हापूरला जाताना फार तर पाऊण तास वाचतो. एवढ्यासाठी कुणी एवढा पैसा घालू नये. वेगाच्या मागं लागू नका असं मी ठामपणे म्हणतो, आपल्या भागासाठी विमान निवडायचं ते वजन आणि ऊन ह्या दोनच गोष्टींवर, बाकी सगळं नंतर.

वजनाचं आधी बघू. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं, टाकी फुल्ल आणि बॅगा असं सगळं एकदम चालतं हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. सेस्ना १७२ एस घ्या, तिचं जास्तीत जास्त टेकऑफ वजन ११५७ किलो, रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं असतं पण ढोबळ धरलं तर माणसं, सामान आणि इंधन मिळून ४०० किलोच्या आसपास हातात राहतात. वापरता येणारं इंधन २०० लिटर, छोट्या विमानांच्या पेट्रोलचं म्हणजे अ‍ॅवगॅसचं वजन लिटरला ०.७२ किलो, म्हणजे टाकी भरली की १४४ किलो गेले आणि उरले २५६. नवरा ८०, बायको ६५, पोरं ३५ आणि ३० असं धरलं तर २१० होतात, वर ३० किलो सामान घेतलं तरी बसतंय. पण पोरांच्या जागी आई-बाबा बसले, ७० आणि ६०, की माणसंच २७५ झाली, त्यात २५ किलो सामान धरा, ३०० झाले, मग इंधनाला १०० किलोच राहतात म्हणजे १३९ लिटर. तासाला साधारण ३४ लिटर जातं, तेव्हा चार तासांचं इंधन आहे, रिझर्व्ह सोडूनही हैदराबाद आरामात होतं. म्हणजे चालतं, फक्त टाकी फुल्ल करायची नाही, एवढंच. आणि सामान म्हणजे आपल्याकडचं सामान, पाहुण्यांकडं निघालो की चादरींचा गठ्ठा, शेंगाचटणी, कडक भाकरीचे डबे, सगळं येतं, आणि १७२ च्या मागच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो आहे, ती मर्यादा आणि एकूण वजन दोन्ही वेगवेगळं तपासायचं. शिवाय सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधतो तो बिंदू. मागं दोन मोठी माणसं आणि मागंच सगळं सामान असं झालं तर एकूण वजन बसूनही तोल मागं जातो. प्रत्येक वेळी कागदावर काढायचंच, अंदाजपंचे नाही.

आता ऊन, आणि इथं मी जरा थांबणार आहे कारण सोलापूरकराला ह्याच्याएवढं महत्त्वाचं काहीच नाही. आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून पंधराशे-सोळाशे फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाणित तापमान १२ डिग्रीच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री असतं, म्हणजे ३० डिग्री जास्त. ढोबळ नियम असा की प्रत्येक जादा डिग्रीला १२० फूट वाढवायचे, म्हणजे ३६०० फूट वाढले, आणि डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे पातळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, झाली ५२०० फूट. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, म्हणजे विमानाच्या दृष्टीनं मे महिन्यातली आपली धावपट्टी महाबळेश्वरच्याही वर आहे! साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण तीन टक्के कमी होते, तेव्हा १८० हॉर्सपॉवरची १७२ एस त्या दुपारी दीडशेच्या आसपासच देते, आणि जुनी दीडशेवाली १७२ एम घेतली असेल तर ती सव्वाशेवर येते. पंखांना पण हवा पातळ मिळते, धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो. म्हणून विकणारा सांगेल ते आकडे ऐकायचे नाहीत, त्या विमानाच्या पीओएचमधला (कंपनीच्या पायलटसाठीच्या पुस्तकातला) टेकऑफचा तक्ता उघडायचा, ४० डिग्रीचा रकाना बघायचा (बऱ्याच तक्त्यांत ४० च्या पुढं आकडेच नसतात, तिथंच समजून घ्यायचं), त्यात आपलं कुटुंबाचं वजन टाकायचं आणि आलेल्या अंतरात निम्मं अजून वाढवून मग तुमची नेहमीची धावपट्टी पुरते का ते ठरवायचं. आपली धावपट्टी मोठी आहे, इथं पुरेल, पण जिथं जाणार तिथलीही बघा. आणि उन्हाळ्यात कुटुंब घेऊन निघायचं ते सकाळीच, दहाच्या आत उतरलेलं बरं, दुपारी आपल्या माळरानावरनं जे गरम झोत उठतात त्यात पोरं उलट्या करतात.

माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या कुटुंबासाठी १६० हॉर्सपॉवरच्या खालचं चार सीटर घेऊच नका, १८० मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या, असं म्हणणार होतो पण डोळे झाकून काहीच घ्यायचं नसतं, तेव्हा तपासून घ्या.

कुठलं विमान, ह्यावर लोक तासन्तास भांडतात. सेस्ना १७२ ची बाजू अशी की पंख वर आहेत, दोन्ही बाजूंना दार आहे, म्हाताऱ्या माणसाला साडी नेसून चढता येतं, केबिनवर पंखाची सावली पडते, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये ही विमानं आहेत म्हणून काम येणारा एएमई (विमान दुरुस्त करणारा लायसनवाला इंजिनिअर) आणि पार्ट मिळतात. १९५५ पासून चव्वेचाळीस हजारांच्या वर बनलीत, मधे १९८६ ते १९९६ उत्पादन बंद होतं, त्यामुळे बाजारात एकतर बरंच जुनं मिळतं नाहीतर ९६ नंतरचं फ्युएल इंजेक्शनवालं. इंजेक्शनवाल्याला कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायची भानगड नाही, पण उन्हात उतरून वीस-पंचवीस मिनिटांनी परत स्टार्ट करायला गेलात तर इंधनाच्या वाफेमुळे ते हट्ट करतं, हॉट स्टार्टची पद्धत नीट शिकून घ्या, नाहीतर बॅटरी बसेल आणि घरचे विमानात घामेजून बसतील.

पायपर चेरोकी, आर्चर हे पण चांगलं विमान आहे, वाऱ्यात स्थिर वाटतं, पण पंख खाली, पंखावर चढून जायचं आणि दार एकच, उजव्या बाजूला, म्हणजे पायलट आधी आत आणि सगळ्यात शेवटी बाहेर. आमच्या आईला ते जमलंच नसतं, तिथंच तो विषय संपला. डायमंड डीए४० ला मागच्या सीटसाठी वेगळं दार आहे, दिसतं सुंदर, पण काचेचा घुमट मोठा, उन्हात जाम तापतं. त्याच्या एनजी मॉडेलमध्ये मात्र एक मोठी गोष्ट आहे, त्याचं डिझेल इंजिन जेट ए-१ वर म्हणजे एटीएफवर चालतं. हे का मोठं आहे ते आता सांगतो.

इंधन. पुष्पक काय, १७२ काय, दोन्हीला अ‍ॅवगॅस लागतं, १०० एलएल. मोठ्या विमानांचं एटीएफ वेगळं. अ‍ॅवगॅस आपल्याकडं वर्षानुवर्षं बाहेरून यायचं, २०२२ साली इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, तरी ते सगळीकडं ठेवत नाहीत, जिथं फ्लाइंग स्कूल आहेत तिथं चालतं, बाकी ठिकाणी बॅरल मागवून साठवायची परवानगी आणि सोय बघावी लागते. म्हणून विमान घ्यायच्या आधी ठरवा की तुमचं अ‍ॅवगॅस कुठनं येणार, कोण भरणार, आणि नेहमीच्या ठिकाणी उतरल्यावर मिळणार का. नाहीतर जाऊन-येऊन पुरेल एवढं इथनंच न्यायचं, म्हणजे परत वजनाचं गणित आलं. आणि एक कळकळीची विनंती, पुष्पकचं जुनं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आहे म्हणून पंपावरचं पेट्रोल टाकू असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं, इथेनॉल जुने रबरी सील आणि होस खातं, पाणी ओढून घेतं, आणि वर हवेत गेल्यावर ते कळून उपयोग नसतो.

आता जुनं विमान देण्याकडं वळू. पुष्पकला ठरलेला बाजारभाव नाही, ज्याला हवंय त्याला खरंच हवंय आणि बाकीच्यांना भंगार वाटतं, म्हणून घाई केली की पडेल भावात जातं. आधी कागद. जमिनीला जसा सातबारा तशी विमानाला लॉगबुकं, एअरफ्रेमचं, इंजिनचं, प्रोपेलरचं, सुरुवातीपासनं सलग असतील तर किंमत येते, मधलं एखादं हरवलं असेल तर आधीच्या मालकाकडं, जुन्या क्लबात, एएमईच्या कपाटात शोधा. सगळं स्कॅन करून ठेवा. मग रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, एअरवर्दीनेसचं (उडायला योग्य असल्याचं) सर्टिफिकेट, त्याच्या फेरतपासणीचं दर वर्षाचं एआरसी, वजन केल्याचा रिपोर्ट, वायरलेसचं लायसन, विमा. मग कापड कधी बदललंय, शेपटीकडच्या खालच्या नळ्यांना आतून गंज आहे का (पाणी तिथंच साचतं), हे तुम्हीच आधी तपासून घ्या आणि जे निघेल ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. जुन्या विमानाचा खरा गिऱ्हाईक दोष ऐकून पळत नाही, लपवलेला दोष सापडला की पळतो. सुटे पार्ट, मॅग्नेटो, चाकं, जुनी मॅन्युअल जे काय माळ्यावर असेल त्याची यादी करून विमानासोबतच द्या, पुष्पकवाल्याला ती सोन्यासारखी. आणि माणूस बघून द्या. ज्याच्याकडं हँगर नाही त्याला कापडाचं विमान देऊ नका, दोन पावसाळ्यांत संपेल ते.

थेट अदलाबदल करायची असेल, म्हणजे आमचं पुष्पक घ्या, वर एवढे पैसे घ्या आणि तुमचं चार सीटर द्या, तर तोंडी ठरवून उपयोग नाही. दोन वेगळे करार करायचे, प्रत्येक विमानाची किंमत वेगळी लिहायची आणि फरकाची रक्कम वेगळी. हे का तर उद्या एका विमानाच्या तपासणीत काही निघालं तर दुसऱ्याचा व्यवहार कुठं थांबतो ते स्पष्ट राहतं, आणि कर-विम्याच्या कागदांतही घोळ होत नाही. कोणाचं विमान कोण उडवून नेणार, वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची, विमा कुठल्या तारखेपासून कोणाच्या नावावर, बँकेचा बोजा आहे का, हे सगळं लिहून घ्या. टोकन दिलं तरी चालेल, पण ‘दोन्हीकडची तपासणी समाधानकारक झाली तरच’ हे वाक्य त्यात पाहिजेच. भावकीत मिळून घेत असाल तर आपसातला कागद पण करा, कुणाचा किती हिस्सा, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर भाव कसा काढायचा. भावाभावांत कागद कशाला असं आमच्याकडं पण म्हणाले होते, पण त्या कागदामुळेच आज सगळे नीट बोलतात.

घ्यायच्या विमानाची तपासणी करणारा एएमई तुमचा पाहिजे, विकणाऱ्याचं विमान आजवर बघत आलेला नको. त्याला पैसे द्या, जायचा-यायचा खर्च द्या, दोन दिवस द्या. सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, आत बोरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह आणि भिंती, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण, आणि विशेषतः विमान मधे किती दिवस नुसतं उभं होतं ते. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर असतो, विमान महिनोन्महिने उडालं नाही की तो कोरडा पडून गंजतो, म्हणून कमी तास झालेलं पण उभं राहिलेलं इंजिन हे नियमित उडालेल्या जास्त तासांच्या इंजिनापेक्षा वाईट असू शकतं. ओव्हरहॉलची म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायची मर्यादा बऱ्याच लायकॉमिंगना २००० तास किंवा १२ वर्षं सांगितलेली असते, लोक तास बघतात आणि वर्षं विसरतात. १९७७ ते ८० च्या १७२ एन मध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन असतं, त्याच्या कॅम-टॅपेटचा इतिहास चांगला नाही, तिथं जास्त खोलात बघा. १७२ चे सीटचे रूळ झिजलेत का, टेकऑफला सीट मागं सरकून अपघात झालेत, त्यावर एडी (एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे. नाकाचं चाक आपटलेलं असेल तर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) सुरकुत्या दिसतात. पायपर असेल तर पंखाच्या स्पारची (आतल्या मुख्य तुळईची) एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहानं धातूतले तडे शोधायची, वरची एडी वेगळी), २०१८ साली अमेरिकेत डेटोना बीचला एका पायपर अ‍ॅरोचा पंख हवेत तुटला, त्यानंतर ती लागू झाली, तिचा कागद मागा. विमान समुद्रकाठच्या गावात राहिलं असेल तर पंखांच्या आतलं गंजणं बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

देशातलंच विमान मिळालं तर पहिली पसंती तेच. बाहेरून आणायचं तर डीजीसीए (नागरी विमानांचं सरकारी खातं) विमानाचं वय आणि रेकॉर्ड बघतं, जुनं आणू देतीलच असं नाही, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे परदेशात स्वस्त दिसलेलं विमान इथं येईपर्यंत स्वस्त राहत नाही. मालकी बदलायची कामं डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर होतात. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या एअरक्राफ्ट अ‍ॅक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय, तेव्हा कुणाचा जुना फॉर्म बघून भरू नका, पोर्टलवरचा चालू फॉर्मच घ्या. रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर झालं, एआरसी चालू आहे, विमा सुरू झाला, वायरलेसचं लायसन आलं, हे चारही हातात आल्याशिवाय घरच्यांना बसवायचं नाही. पार्किंग किंवा हँगरची जागा आणि विमानतळाच्या चालू वेळा पण आधीच विचारून ठेवा, आता प्रवासी विमानं सुरू झालीत तेव्हा पूर्वीसारखं मोकळं राहिलेलं नाही.

मग शिकणं. पुष्पकवाल्याचे पाय चांगले असतात, शेपटीच्या चाकावर शिकलेल्याला पायानं रडर (शेपटीचं सुकाणू) वापरायची सवय असते, त्यामुळे नाकाच्या चाकाचं विमान सोपं वाटतं. पण जड विमान आहे, वेग जास्त ठेवून आणलंत तर ते तरंगत राहतं आणि जबरदस्तीनं टेकवलं की नाकावर उड्या मारतं. लायसनवर त्या विमानासाठी काय नोंद लागते ते बघून घ्या आणि इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून पूर्ण वजनानं, म्हणजे मागच्या सीटवर खरोखर वजन ठेवून, लँडिंगं करा. एकट्यानं हलकं उडवलेलं विमान आणि भरलेलं विमान ही दोन वेगळी विमानं आहेत.

घरच्यांची पहिली फेरी छोटी ठेवा, सकाळची, हिवाळ्यात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत हवा कशी स्वच्छ आणि शांत असते, तसल्या सकाळी. फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई दलाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर नेहमीप्रमाणं, आणि व्हीएफआर म्हणजे डोळ्यांनी बघून उडवायचं आहे तेव्हा सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी चाकं जमिनीवर. सर्दी झालेल्या पोराला नेऊ नका, उतरताना कान दुखतात, बाकीच्यांना उतरताना चघळायला काहीतरी द्या. प्रत्येकाला चालणारा हेडसेट पाहिजे, मागच्या सीटचे जॅक बंद पडलेले असतात आणि ते तपासणीत कुणीच बघत नाही, म्हणून आधी लावून बघा. दार कसं उघडायचं, पट्टा कसा सोडायचा हे प्रत्येकाकडनं एकदा करून घ्या, आईकडनं पण, आणि मी रेडिओवर बोलत असताना कुणी बोलायचं नाही हे पोरांना जमिनीवरच समजावून सांगा.